सोंग घेतलंय हिनं

माझ्या नाकात कापसाचे बोळे घालायची तयारी चालली होती आणि मी जिवंत होते.

मला सगळं ऐकू येत होतं. दीर कुणाला तरी सांगत होते, "तुळशीचं पान आणा, आन कापूस." सून उशाशी बसून रडत होती. अंगणात चपलांचे आवाज वाढत होते, म्हणजे माणसं जमायला लागली होती. वरच्या वाडीतला एक म्हातारा माझं मनगट धरून बसला होता. त्यानं ते सोडलं, तसा हात घोंगडीवर आपटला. "गेली," तो म्हणाला.

नाही गेले, एवढंच मला सांगायचं होतं. पण जीभ हलेना, पापणी उचलेना, करंगळीसुद्धा माझं ऐकेना. छाती वर-खाली होत नव्हती. श्वास पोटात कुठंतरी खोल, थोडाथोडा चालला होता. माझा मलाच जेमतेम कळत होता. नाकात बोळे गेले की तोही संपणार, हे मला स्वच्छ समजत होतं.

भीती वाटली का, असं पुढं पुष्कळ जणांनी विचारलं. वाटली. पण त्याहून जास्त राग आला. जन्मभर मी कुणाकडून फसले नाही आणि आता माझंच अंग मला फसवत होतं.

सुरुवात दिवस उगवताना झाली. आमचं गाव पाटणच्या खालच्या अंगाला, नदीकाठचं. ऊस थेट घराच्या मागच्या भिंतीला टेकलेला. मुलगा फौजेत, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात मी, सून आणि नात. कंबरेमुळे मला खाटेवर झोपवत नाही, म्हणून मी खालीच घोंगडी टाकते आणि नात माझ्या कुशीला झोपते. त्या दिवशी पोटात कळ येऊन जाग आली. घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटत होतं आणि थुंकी गिळता येत नव्हती. नात गाढ झोपली होती. तिला तशीच उचलून सुनेनं आतल्या खाटेवर नेऊन टाकलं.

"आत्या, रातच्याला भरीत लय खाल्लं तुमी," सून म्हणाली.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगते. भरितात हिनं काही घातलं असेल का, असं आलं. मी अशीच आहे. दूधवाल्याचं दूध बोटावर घेऊन बघितल्याशिवाय भांड्यात ओतू देत नाही. पण भरीत तिनंही खाल्लं होतं आणि ती धडधाकट होती, म्हणून तो विचार मी सोडला.

मग पापण्या जड झाल्या. हातानं वर केल्या तरी खाली येत. पुढं मला एकाच्या दोन वस्तू दिसायला लागल्या. सुनाही दोन दिसू लागल्या. एकीशीच माझं पटत नव्हतं, तिथं दोन.

"काय चावलं का वो?" तिनं विचारलं. पोरगी घाबरट आहे, पण विचारायचं ते तिनंच विचारलं. तिनं माझे पाय, हात, मान सगळं उजेडात धरून पाहिलं. कुठं दाताची खूण नाही, सूज नाही, लाली नाही. मला कुठं दुखत नव्हतं, साधी आगसुद्धा होत नव्हती. साप चावला आणि माणसाला कळलं नाही, असं कधी होतं का? मीच तिला म्हटलं, "चावलं असतं तर मी रातीच उठून बसले नसते व्हय?"

तरी तिनं भिंतीपलीकडून दिरांना हाक मारली, आणि दिरांनी वरच्या वाडीतल्या त्या म्हाताऱ्याला आणलं. सापाचं काही झालं की आमच्याकडं त्यालाच बोलावतात. त्यानं अंगणातल्या कडुलिंबाची डहाळी मोडली आणि पाला माझ्या तोंडात दिला. आमच्याकडची ही परीक्षा जुनी आहे. अंगात विष भिनलेलं असलं तर लिंबाचा पाला गोड लागतो, नसलं तर कडू लागतो. माझ्या सासूनं एका गड्याला असाच पाला चारलेला मी पाहिला होता.

मी चावला. गिळता येत नव्हता, पण चव लागली.

"कसा लागतूय?"

"कडू."

"लय कडू?"

"लिंबाचा पाला कसा लागतो रे? तसाच."

सगळे हसले. म्हाताऱ्यानं हात झटकले. "विष न्हाई. पित्त हाय. लिंबू-साखर द्या आन झोपू द्या."

मीही मान डोलावली. दुसऱ्या कुणाचा शब्द असता तर मी शंका घेतली असती. पण इथं माझीच जीभ सांगत होती, आणि स्वतःच्या जिभेवर संशय घ्यायचा हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

बाकी सगळ्यावर संशय घ्यायला मात्र वडिलांनी शिकवलं होतं. माझं माहेर आटपाडीकडचं, सगळा उघडा माळ. उन्हाळ्यात भर दुपारी त्या माळावर लांब पाणी दिसायचं. नुसतं चमकायचं नाही, लाटा हलायच्या, कडेला बाभळींची सावली उलटी दिसायची. लहानपणी एकदा मी कळशी घेऊन निघालेच होते. वडील म्हणाले, "शेळ्या तिकडं चालल्यात का बघ." शेळ्या जागच्या हलल्या नव्हत्या. तहान त्यांनाही होती. तेव्हापासून मी माणूस काय सांगतो ते ऐकत नाही, शेळ्या कुठं चालल्यात ते बघते. चौथीनंतर शाळा सुटली ती शेळ्यांमागंच.

वडिलांनीच टिटवी दाखवली होती. आपण तिच्या अंड्यांजवळ गेलो की ती पंख मोडल्यासारखी जमिनीवर फरपटत दुसरीकडं पळते. आपण तिच्यामागं लागलो की लांब नेऊन भर्रकन उडते. वडील तिच्या मागं न जाता, ती जिथून निघाली तिथंच वाकून बघायचे आणि अंडी सापडायची. खायची नाहीत, नुसती बघायची. मला फार आवडायचं ते.

एवढं शिकून काय झालं? त्या दिवसाच्या आठ-पंधरा दिवस आधी घराच्या मागं लाकडांच्या ढिगाऱ्याशी एक साप निघाला होता. काळा, अंगावर पांढऱ्या पट्ट्या. सून ओरडायला लागली. मी म्हटलं, "कवड्या हाय तो. पाली खातो, बिनविषारी. जाऊ दे त्याला." आणि तो भिंतीच्या कडेनं जाऊ दिला. कवड्याही तसाच दिसतो आणि मण्यारही तशीच दिसते. कवड्याच्या पट्ट्या मानेपासून सुरू होऊन शेपटीकडं पुसट होत जातात. मण्यारीच्या मानेशी पट्ट्या नसतात, मागं शेपटीकडं ठळक असतात. हे मला आता माहीत आहे. तेव्हा मी पट्ट्या पाहिल्या आणि नाव सांगून टाकलं. मण्यार माणसाला झोपेत चावते. दात सुईच्या टोकाएवढे, खूण राहत नाही, दुखत नाही. हेही मला दवाखान्यात कळलं.

म्हातारा गेल्यावर सुनेनं डॉक्टरला बोलावलं. गावोगाव मोटारसायकलवर फिरणारा तो डॉक्टर. पोटात कळ, उलटीसारखं होतंय, रात्री भरीत खाल्लंय, पाला कडू लागला, एवढं सगळ्यांनी त्याला एकदम सांगितलं. त्यानं पित्ताचं इंजेक्शन दिलं, बरं वाटलं नाही तर कराडला न्या म्हणाला आणि गेला. त्यानंतर माझा आवाज गेला. आधी बोबडं बोलू लागले, मग नुसती घरघर. सून म्हणाली, "झोप लागली वाटतं." मग मानही पडली. म्हाताऱ्याला परत बोलावलं. त्यानं मनगट धरलं आणि ते सोडलं, ते मी वर सांगितलंच.

पडल्यापडल्या मी एकेकाचं रडणं ऐकत होते. दीर रडत नव्हते, नाक ओढत होते. अंगणातल्या बाया रिवाजाप्रमाणं गळा काढत होत्या. एक जण मधेच थांबून कुणाला तरी चहा ठेवायला सांगून परत रडायला लागली. सुनेचं रडणं मला खरं वाटलं नाही. फार मोठ्यानं होतं. आणि रडतारडताच ती माझ्या हातातल्या पाटल्या काढत होती. साबण नाही, पाणी नाही, नुसत्या ओढून. हाड दुखलं. मला वाटलं, बरोबर. हीच ती.

तेवढ्यात जाऊ आली.

माझी जाऊ माझ्यापेक्षा लहान. आमची घरं एका भिंतीची, पण आम्ही बोलत नव्हतो, आणि ते माझ्या कंबरेवरून. ऊसलागणीला आमच्यात पैरा असतो. म्हणजे आज तुझ्या रानात सगळ्या बायांनी राबायचं, उद्या माझ्या. एका वर्षी ती माझ्या लागणीला येऊन दिवसभर कांड्या पुरून गेली आणि तिची पाळी आली त्या दिवशी माझी कंबर धरली. खरंच धरली. मला कुशीवर वळता येत नव्हतं. पण दोन-तीन दिवसांनी तिनं मला आडावरून घागर आणताना पाहिलं. तेव्हापासून तिच्या लेखी मी टिटवी. "टिटवी लंगडाय लागली, जवळ काम आलं वाटतं," असं भिंतीपलीकडून मला ऐकू जाईल असं म्हणायची. मी कितीदा सांगितलं, शपथ घेतली. तिनं एकदाही विश्वास ठेवला नाही. मीही मग तिला टाकून बोलायची. ती तुळशीला पाणी घालते तेही दाखवायला घालते, असं मला वाटायचं. अजून वाटतं.

कापूस तिच्याकडचा मागवला होता. आमच्या घरात कुणाला काही सापडत नव्हतं आणि तिच्या देव्हाऱ्यात फुलवातींचा पिंजलेला कापूस कायम असतो. तो घेऊन ती माझ्या तोंडाशी बसली. तिच्या हाताला तुपाचा वास येत होता.

"घाल," दीर म्हणाले.

ती काही घालेना.

"आगं घाल की. ऊन व्हाय लागलंय."

"थांबा वो. बघू तर द्या."

"काय बघायचंय आता?"

"हिचं काय सांगावं," जाऊ म्हणाली. "तुमाला म्हाईत न्हाई, मला म्हाईत हाय."

तिनं मला दंडाला चिमटा काढला. नखानं, चांगला पीळ देऊन. डोळ्यांपुढं काजवे चमकले, पण अंग हललं नाही. अंगणातली एक बाई म्हणाली, "आता तरी सोड तिला." जावेनं तिकडं लक्ष दिलं नाही. तिनं कापसाचा एक बारीक पुंजका काढला आणि माझ्या वरच्या ओठावर, नाकाखाली ठेवला. आणि खाली वाकून बघत बसली. तिचा श्वास माझ्या तोंडाला लागत नव्हता, म्हणजे तो तिनं पदरानं झाकला असणार, एवढी हुशारी तिच्यात आहे.

मी सगळा जोर त्या पोटातल्या श्वासावर लावला. बाळंतपणात लावला नसेल एवढा.

कापूस हलला. हललाच असणार, कारण जाऊ म्हणाली, "मेली न्हाई ही. सोंग घेतलंय हिनं."

"आगं, काय बोलतीस?" दीर तिच्या अंगावर आले. "मेल्या माणसाची थट्टा करतीस व्हय?"

"मेली आसंल तर हे कोन हलीवतंय? तुमी?" मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "उठा आक्का. बास झालं. समदी जमल्यात, बघितलं समद्यांनी."

तिच्या मनात दया नव्हती. तिला खरोखर वाटत होतं की मी सगळ्यांना फसवतेय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याशी तोंडावर बोलली ती ही अशी. पण तिच्या बोलण्यानं सून वाकली, तिनं कापूस हलताना पाहिला आणि तिचं रडणं थांबलं. जी मुलगी मला घाबरून पदर सावरायची, ती दिरांवर खेकसली, "मामंजी, गाडी काढा."

दुधाच्या टेम्पोत मला आडवं टाकलं. सुनेच्या मांडीवर डोकं. खड्ड्यातून गाडी गेली की माझी जीभ मागं जायची आणि श्वास अडायचा. सुनेनं बोटानं ती पुढं ओढून धरली. माझे दात तिला लागत होते, तिनं बोट काढलं नाही. जवळच्या सरकारी दवाखान्यात एक बाई डॉक्टर होती. तिनं माझ्या पापण्या उचलल्या, मान हलवून पाहिली आणि विचारलं, "खाली झोपतात का?" एवढंच विचारलं. पाला कडू लागल्याचं दीर सांगत होते ते तिनं ऐकूनही घेतलं नाही. तोंडावर रबरी फुगा बसवला आणि तो दाबायला लागली. फुगा दाबला की छाती भरायची. एवढा गार, भरपूर वारा. सलाइनमधून सापाचं औषध चालू झालं.

फुगा दाबतादाबता तिनं विचारलं, "त्यांच्याजवळ अजून कोण झोपलं होतं?"

 सुनेच्या तोंडून नातीचं नाव निघालं आणि ती फोन घेऊन बाहेर पळाली. माझ्या कुशीला झोपलेली पोर घरी होती आणि घरचं माणूस म्हणून तिच्याजवळ जाऊ एकटीच होती.

मला तसंच अँब्युलन्समधून कराडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं आणि घशात नळी घालून यंत्रावर ठेवलं. तिथं किती दिवस गेले ते मला नीट सांगता येणार नाही. एक तरुण डॉक्टर माझी पापणी उचलून, बॅटरी मारून दुसऱ्याला म्हणाला की बाहुली हलत नाही, मेंदूत काही राहिलेलं दिसत नाही. मला त्याच्या हातातली बॅटरी दिसत होती. त्याच्या सदऱ्याच्या खिशाला पेनाची शाई लागलेली दिसत होती. दुसरा वयानं मोठा होता. तो म्हणाला, "मण्यार आहे ही. घाई करू नका." मग माझ्या पायाशी जाऊन मोठ्यानं म्हणाला, "आजी, ऐकू येत असलं तर अंगठा हलवा." उजवा हलेना. डावा हलला. तो तरुण पोरगा माझ्याकडं असा बघायला लागला जसं काही मी त्याच्यावर लपून पाळत ठेवत होते. ठेवतच होते.

नातीचं काय झालं हे मला विचारता येत नव्हतं. घशात नळी होती. सून काचेबाहेर उभी राहायची आणि मी तिच्या चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न करायची. ती हसायची. हसणं खरं का खोटं मला ठरवता येईना. आजारी माणसासमोर सगळेच हसतात. नळी काढल्यावर मी पहिला शब्द बोलले तो "पोर" हा. सून म्हणाली, "बरी हाय, आत्या." मी म्हटलं, "मला दाखव." तिनं फोनवर दाखवली. मी म्हटलं, "हा फोटो आधीचा असंल." तेव्हा तिनं फोनवरूनच तिला बोलायला लावलं.

पाटल्यांचंही मी विचारलं, तिथंच, खाटेवर. सून खाली बघून म्हणाली, "धाकट्या आत्या येत हुत्या, म्हणून काढून ठेवल्या." म्हणजे तिला जावेचा संशय, मला तिचा. पाटल्या परत हातात आहेत. पूर्वीच्याच आहेत असं वाटतं.

घरी काय घडलं ते सुनेनं आणि शेजारणींनी थोडंथोडं सांगितलं. सुनेचा फोन आला तेव्हा नात अंगणात खेळत होती. जावेनं तिला उचलून ओसरीवर उजेडात बसवलं आणि तिच्यासमोर बसली. पोर जांभई देई, की जाऊ तिच्या पापण्या वर करून बघे. बोट दाखवून विचारी, "किती दिसत्यात? एक का दोन?" पोर "दोन" म्हणाली, तर तिला घेऊन तडक फाट्यापर्यंत पळत गेली. पोरीनं गंमत केली होती. फाट्यावर परत विचारलं, परत विचारलं, तेव्हा ती "एक" म्हणाली. तरी जावेनं मानलं नाही. परत आलेल्या त्याच टेम्पोतून तिला सरकारी दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरीण "घरी न्या" म्हणाली तरी दुसऱ्या दिवसापर्यंत तिथून हलली नाही. "पाला चारा म्हणत्यात समदी," ती डॉक्टरणीला म्हणाली म्हणे, "पर मी न्हाई चारला. पोर लबाड हाय. आजीवर गेलीया."

दिरांनी आणि गावातल्या पोरांनी माझी झोपायची खोली रिकामी केली. ज्वारीच्या पोत्याखाली मण्यार निघाली. मारली. मारायला नको होती असं आता सगळे म्हणतात, मी म्हणत नाही.

मी घरी आल्यावर जाऊ उंबऱ्यापाशी येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"कंबर कशी हाय?" तिनं विचारलं.

"दुखतीया."

"दुखंल की."

गावात कुणी विचारलं तर ती अजून सांगते की मी सोंगच घेतलं होतं, डॉक्टर लोक फसले. दंडावर तिच्या चिमट्याचा डाग बरेच दिवस होता. सापाची खूण कुठंच नव्हती. वरच्या वाडीतला म्हातारा अजून पाला चारतो आणि लोक चावतात.

मण्यार आमच्या दोघींच्या अंथरुणात शिरली होती. नातीला काही झालं नाही. चावली ती मला, आणि मी वाचले.